तीन लाउंज आणि एक निरोप

नारिता विमानतळावरून मी सोलला निघालो होतो आणि बायको चिझुको होनोलुलूला, लेकीच्या बाळंतपणाला. निवृत्त माणसांना वेळच वेळ, म्हणून आम्ही लाउंजांना गुण देत हिंडत होतो. पहिल्यात करी झकास होती, सोफे मात्र दातांच्या दवाखान्यातले.

निघताना दारावरची मुलगी वाकून मला म्हणाली, "जाऊन या."

मग चिझुकोकडे वळून म्हणाली, "जा."

"नवीन दिसतेय," मी म्हणालो.

"अहो, तुमच्या तोंडाला करीचा वास येतोय. पुढचे शब्द गिळले असतील बिचारीने."

दुसऱ्या लाउंजमधलं बिअरचं यंत्र आपणहून ग्लास तिरका करत होतं, म्हणून त्याला दहापैकी नऊ. दारावरच्या प्रौढ बाई मला म्हणाल्या, "जाऊन या." चिझुकोला म्हणाल्या, "जा."

"बाई, हिलाही नीट म्हणा की."

त्या दिलगिरीने कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या, "जा."

तिसऱ्याच्या दारातच मी चिझुकोची बॅग धरली. "हे विमान सोड. उद्या जाऊ."

"नातू थांबणार आहे होय उद्यापर्यंत?" तिने माझी कॉलर सारखी केली. "बायकोला घाबरायचं वय गेलं तुमचं, आता बायकांना घाबरताय."

"मग घरातून निघताना रोज म्हणतेस तसं म्हण, ‘जाऊन येते’. मी सोडतो बॅग."

"एवढंच ना?"

माझ्या हातातून बॅग घेऊन ती गोड हसली.

"जाते."