निळ्या पाटीचा खांब

"मारा साल्याला! दादांना चिरडलंय यानं!"

डंपरच्या केबिनमधून खाली खेचलेल्या ड्रायव्हरला मंडळाची पोरं त्याच्याच चाक खोलायच्या लोखंडी टॉमीने बडवत होती. त्याचं तोंड रक्ताने भरलं होतं.

चादरीखाली झाकलेल्या नवऱ्याशेजारी बसून कौसल्या एकटक समोर बघत होती. सायकलींसाठी आखलेल्या पट्ट्यावरूनच नवरा सायकलने सरळ आला होता. पण पट्ट्याच्या मधोमध महापालिकेने खांब रोवलेला. खांब चुकवायला तो रस्त्यावर उतरला आणि मागून येणाऱ्या डंपरखाली गेला. खांबावर निळी पाटी होती, 'फक्त सायकलींसाठी'.

ती उठली. एका पोराच्या हातातली टॉमी तिने हिसकावली. वहिनी आता ड्रायव्हरचं डोकं फोडणार म्हणून सगळ्यांनी वाट करून दिली. ती ड्रायव्हरला ओलांडून पुढे गेली आणि जिवाच्या आकांताने खांबावर घाव घालू लागली.

"हा उपटा आधी! यानं खाल्लं माझ्या माणसाला!"

मंडळाच्या अध्यक्षाने धावत येऊन तिचं मनगट धरलं.

"वहिनी, काय करताय? सरकारी मालमत्ता आहे. केस होईल आपल्यावर."

त्याने तिच्या हातातून टॉमी अलगद काढून घेतली आणि तो पुन्हा ड्रायव्हरकडे वळला.