वाळूतले वाघ

ट्रॅक्टर आला तेव्हा म्हातारा वाळूच्या मधोमध बायकोच्या खुर्चीवर बसला होता. निळ्या पट्ट्यांची घडीची खुर्ची. एक पाय वाळूत रुतलेला, त्यामुळे तोही जरा कललेला.

मागे हॉटेलची भिंत, पुढे समुद्र. मधला पट्टा ट्रॅक्टरच्या दाताळ्याने विंचरून सपाट करायचा होता. ठेका म्हाताऱ्याच्या जावयाचाच; तोही ट्रॅक्टरबरोबर आला होता.

"बाबा, उठा. लोक हसतायत."

"हसू दे. फुकट आहे."

"किड्यांसाठी अडून बसलात?"

"किडे नाहीत. तुझ्या सासूचे वाघ आहेत ते."

तिचाच शब्द. हिरवट पाठीचे, ठिपक्यांचे भुंगेरे. इतके सुसाट पळायचे की पळताना त्यांनाच काही दिसायचं नाही, मग मध्येच थांबून बघायचे. त्यांच्या अळ्या वाळूत बिळं करून दबा धरून बसायच्या. ती प्रत्येक बिळात गवताची काडी सोडायची. आत कुणी असलं की काडी हलायची.

आज सकाळी त्याने दिसेल त्या भोकात काडी खोचली होती.

जावयाने एक उपटली. "अहो, हे खेकड्याचं बीळ!"

"असेल. शेजारी आहे."

"एक तरी काडी हलतेय का? ट्रॅक्टरच्या मागच्या फेरीतच संपलं सगळं. आई गेल्या, आता तुम्हीही हा नाद..."

"ती नाही म्हणून मी बसलोय. ती असती तर तू ट्रॅक्टरच्या पुढे पळत असतास."

ड्रायव्हरला हसू आलं, ते त्याने खोकल्यात दडवलं.

"एक जरी काडी हलली तर मागे फिरायचं," म्हातारा म्हणाला. "नाही हलली तर मी उठतो."

त्याच्या पायाशी एक काडी थरथरली.

"इंजिनाने हलतेय ती," जावई म्हणाला.

"मग बंद कर."

जावयाच्या तोंडाकडेही न बघता ड्रायव्हरने किल्ली फिरवली. लाटांचा आवाज तेवढा उरला. वारा पडलेला. काडी ताठ उभी राहिली, गप्प. म्हाताऱ्याने खुर्चीचे हात घट्ट धरले.

मग खालून कुणी ढकलावी तशी काडी वर सरकली आणि आडवी पडली.

जावयाने ड्रायव्हरला मागे फिरायची खूण केली.

"उद्या येतो," तो शेवटी पुटपुटला.

"ये," म्हातारा म्हणाला. "येताना तुझी खुर्ची आण."