बाजूचं स्टूल

परीक्षेचा निम्मा वेळ सरला तरी बेबीनंदाच्या स्क्रीनवर दोन-चार ओळीच होत्या. डाळीतले खडे वेचावेत तशी तिची तर्जनी की-बोर्डावर फिरत होती. कंस कुठं असतो तेच सापडेना.

तिला प्रोग्राम येत नव्हता असं कुणी म्हणू नये. नाव आणि पासवर्ड भरायचं पान करायचं, भरलेलं सर्व्हरकडं पाठवायचं, सर्व्हरनं डेटाबेसात बघायचं आणि माणूस ओळखीचा निघाला तर आत घ्यायचं. एवढाच तर प्रश्न. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं धडाधड सांगितलं असतं. पण सांगणं वेगळं आणि टाइप करणं वेगळं, हे कळायला परीक्षेचा दिवस उजाडावा लागला.

जालन्याच्या त्या कॉलेजात मशिनी कमी आणि पोरं जास्त. एका मशिनीवर दोघं. पहिल्याच दिवशी पोरं की-बोर्डासमोरच्या खुर्चीत बसली आणि पोरींनी बाजूचं स्टूल घेतलं. असं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, आणि असं का म्हणून कुणी विचारलंही नाही. पोरीनं सांगायचं, पोरानं बटणं बडवायची. तीन वर्षं तेच. शिकवणाऱ्या सरांनाही काही वाटलं नाही. काम उरकलं म्हणजे झालं. बेबीनंदाचा जोडीदार होता तीर्थपुरीचा राधाकिसन. त्याची बोटं अशी पळत की बघत राहावं. पण कुठल्या ओळीनंतर कुठली ओळ, हे त्यानं कधी डोक्यात घेतलंच नाही. घ्यायचं कशाला? बाजूला बेबीनंदा होती की. अशी ही आंधळ्या-पांगळ्याची जोडी.

आज मात्र परीक्षेसाठी तुकड्या पाडलेल्या, ज्याला त्याला आपापली मशीन. राधाकिसन शेजारच्या खुर्चीत होता. बोटं तयार आणि समोर स्क्रीन कोरी. बराच वेळ तसाच बसला, आणि मग त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पुढं काय?"

आणि सवयीनंच तिनं सांगितलं, "कनेक्शन उघड."

बाहेरून आलेले परीक्षक आबाराव सर खिडकीपाशी डोळे मिटून बसले होते. आठवडाभर या कॉलेजातून त्या कॉलेजात हिंडून, तेच ते प्रोग्राम बघून त्यांचा जीव आंबून गेला होता. तरी कान जागेच होते. ते उठले आणि दोघांच्या मधे येऊन उभे राहिले.

"कॉपी करून राह्यले का तुम्ही?"

कॉपीची केस झाली की वर्ष गेलं. राधाकिसनला निदान पुढचं वर्ष तरी होतं. बेबीनंदाला नव्हतं. तिकडं हसनाबादच्या स्थळाशी तिच्या लग्नाची बैठक होऊन गेली होती. पास हो नाहीतर नापास हो, उन्हाळ्यानंतर जालना बंद, असं वडिलांनी बजावलेलं. तीन वर्षं एस.टी.त उभं राहून काढली आणि ती अशी मातीत जाणार, म्हणून तिला रडू यायला पाहिजे होतं. पण आला तो नुसता शीण.

"मी इचारलं सर," राधाकिसन म्हणाला. "तिची चूक न्हाई. आमचं रोजचं तसंच असतंय. ती सांगती, मी टाइप करतो."

"मंग आज काय झालं?"

"आज तिला टाइप येईना अन् मला प्रोग्राम येईना."

एरवी सरांना हसू आलं असतं. त्यांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. मग बेबीनंदाला म्हणाले, "ऊठ." तिच्या खुर्चीत बसून त्यांनी की-बोर्ड पुढं ओढला. "सांग आता. मी टाकतो. माझा एक शब्द त्यात येणार न्हाई."

ती उभ्यानंच एकेक खूण, एकेक शब्द सांगत गेली. लेस दॅन, पर्सेंट. खाली, सेट कॉन इक्वल टू सर्व्हर डॉट क्रिएट ऑब्जेक्ट. ब्रॅकेट, डबल कोट. कुठं अडली नाही. सगळं टाकून झाल्यावर सरांनी पान उघडलं, तिचं नाव आणि तिनं सांगितलेला पासवर्ड भरला, आणि सर्व्हरनं बेबीनंदाला बिनबोभाट आत घेतलं.

सरांनी तिचे मार्क लिहिले. राधाकिसनलाही काठावर पास होण्यापुरते दिले. "तुझी बोटं अन् हिचं डोकं," ते म्हणाले. "केस करायची तर कुणावर करू? जा आता."

राधाकिसनच्या जिवात जीव आला. बेबीनंदा मात्र जागची हलली नाही.

"सर, ते पुसून टाका."

"काय पुसू?"

"सगळं. एकदा मला टाकू द्या."

"मार्क दिलेत की बाई तुला."

"मार्क बराबर हायेत सर. पण माझा हात कुठं लागला त्याला? हसनाबादला गेल्यावर मशीन कुठं भेटणार मला?"

सरांनी सगळ्या ओळी खोडल्या आणि खुर्ची रिकामी केली.

बेबीनंदा बसली. तर्जनी पुन्हा फिरू लागली. पहिली खूण सापडली, मग दुसरी. वेळ लागत होता. खालच्या ओळीत एक अक्षर चुकलं. मागं उभ्या असलेल्या राधाकिसनला राहवेना. तिच्या खांद्यावरून त्याचा हात की-बोर्डाकडं आला.

"सरक, मी करतो जल्दी."

"हात काढ," बेबीनंदा म्हणाली, आणि खोडायचं बटण शोधू लागली.