संदर्भासह स्पष्टीकरण

“मग दोन्ही वचनं खरी कशी?” आन्नाबाईंनी भर प्रार्थनासभेत विचारलं, आणि घरच्या बेसमेंटमध्ये जमलेली माणसं त्यांच्या मुलाकडे, मॉरिसकडे बघू लागली. देवाची चौथी आज्ञा सांगते, आईबापाचा मान राख. येशू म्हणतो, जो आईबापाचा द्वेष करत नाही त्याला माझा शिष्य होता येणार नाही. माणसाने धरायचं काय?

मॉरिस खुलला. आठवडाभर कॅनडातल्या केंब्रिजच्या कार प्लांटमध्ये दारं बसवणारा हा माणूस शनिवारी बायबल उघडलं की वेगळाच व्हायचा. न जुळणारी वचनं जुळवून दाखवणं हा त्याच्या डाव्या हाताचा खेळ. त्यासाठी मिसिसागाहूनसुद्धा वसईकर बर्फातून गाडी हाकत यायचे. आता तर माणसं मावेनाशी झाली होती. बेसमेंटमधली आन्नाबाईंची खोली मोडून प्रार्थनेला जागा करायची, असं मॉरिसने ठरवलं. वरच्या खोल्या मुलांच्या; त्यांना हात लावायचा नाही. म्हणून ईस्टरनंतर आईने वसईला जाऊन एकटीने राहायचं, हेही त्यानेच ठरवलं. ग्रुपला मात्र सांगितलं, “आईला थंडी सोसत नाही. तिलाच गावाची ओढ लागलीये.” सांगताना त्याचे डोळे भरून यायचे. खोटं बोलणाऱ्याला रडू आलं, की ते त्याचं त्यालाच खरं वाटू लागतं.

आन्नाबाईंना जायचं नव्हतं. इथे नातवंडं होती, तिकडे कुलूप लावलेलं घर. मुलाला तोंडावर नाही म्हणायची हिंमत होईना, म्हणून त्यांनी बायबलच्या आडून विचारलं. चार लोकांत उत्तर देता देता तरी पोराला स्वतःचं बोलणं ऐकू येईल, ही वेडी आशा.

“कॉन्टेक्स्ट बघायचा, आई,” मॉरिस म्हणाला. “येशूच्या मागे गर्दी लागलीये. बरेचसे नुसती मजा बघायला आलेत. त्यांना तो वॉर्न करतोय, की देवापेक्षा मोठं कुणी नाही, आईसुद्धा नाही. हेट करा असं नाही म्हणत तो. देव फर्स्ट, एवढंच.”

माना डोलल्या. आन्नाबाईंनी आणखी एकदा खुंटा हलवून बघितला.

“आणि क्रूसावरून त्याने आईला आपल्या शिष्याच्या, योहानाच्या हवाली केलं, ते?”

“एक्झॅक्टली!” मॉरिसने मांडीवर थाप मारली. “आईची अरेंजमेंट केली ना त्याने? तिचं सगळं बघणारा माणूस दिला, आणि आपलं काम पुरं केलं. मान राखायचा म्हणजे आईपाशी बसून राहायचं थोडंच आहे? सोय लावली, की मान राखला. बघा, जुळली की नाही दोन्ही वचनं!”

कुणीतरी “प्रेझ द लॉर्ड” म्हणालं. येशूचे हात तेव्हा खिळलेले होते, एवढा संदर्भ तेवढा मॉरिसच्या नजरेतून सुटला. आन्नाबाईंचीही सोय लागलीच होती. वसईची शेजारीण सुनंदा त्यांना दोन वेळचा डबा देणार होती.

रोझरीची माळ जपून झाली. वसईच्या रीतीने एकेक जण घरातल्या सर्वांत मोठ्या माणसापुढे वाकून आशीर्वाद मागू लागला. ग्रुपमधली तरुण नर्स अँजेला वाकली, ती तशीच आन्नाबाईंच्या पायाशी बसली.

“आंटी, एक विचारू? मॉरिस अंकल म्हणतात, तुम्हालाच वसईला जायचंय. पण लास्ट संडेला चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये तुम्ही रडलात. म्हणालात, मला इथेच राहायचंय. मग खरं काय?”

आशीर्वादासाठी पुढे आलेला मॉरिस अर्धवट वाकलेलाच राहिला. इतक्या वर्षांची त्याची अब्रू आता आईच्या एका शब्दावर होती.

आन्नाबाईंनी त्याच्या कपाळावर बोटाने क्रूस काढला.

“दोन्ही खरं, पोरी,” त्या म्हणाल्या. “राहायचंय म्हणाले, ते याचं उत्तर ऐकायच्या आधी.”