मूळ प्रत

आगाऊ न कळवता धरणाचे दरवाजे उघडले, त्या दिवशी शिंप्याचं घर वाहून गेलं आणि घरात झोपलेली सात वर्षांची पोरगीही गेली. तिचा एक फोटो मावशीकडे होता, तेवढा उरला. सरकारवर दावा लावताना त्याने तोच नुकसानभरपाई आयोगाकडे पुरावा म्हणून दिला. पाच वर्षांनी कायदा बदलला आणि असे दावे न्यायालयात गेले. तिथे चार वर्षं तारखाच पडल्या. मग न्यायालय म्हणालं, जुने दावे आयोगानेच ऐकायचे. फाईल पुन्हा माघारी आली.

त्या फाईलपाठोपाठ शिंपीही आयोगाच्या कचेरीत आला आणि दावा मागे घेण्याचा अर्ज त्याने कारकून बाईंपुढे ठेवला.

"अहो काका, आता कुठे सुनावणी लागतेय. निकाल तुमच्याच बाजूने लागेल. अजून थोडी कळ काढा."

"दावा सोडला की कागद परत मिळतात ना, ताई?"

"मिळतात. पण फोटोच हवा असेल तर झेरॉक्स काढून देते की."

"मागे नेली होती झेरॉक्स. त्यात तोंड नुसतं काळं येतं."

बाईंनी नाइलाजाने पेन उचललं. "कारण काय लिहू?"

"पोरीच्या कुठल्या गालाला खळी पडायची, असं काल तिच्या आईने विचारलं," शिंपी म्हणाला. "मला सांगता आलं नाही."