घाईताई आणि नडगीचं हाड

“पुरुष!” हा शब्द घाईताईच्या अगदी ओठांवर आला होता. तिने तो कसाबसा गिळला.

याच घाईपायी ती तोंडी परीक्षेत दोनदा आपटली होती. वर्गाने नाव ठेवलं ते उगाच नाही. आज तिसरी आणि शेवटची संधी. बाहेर बाकावर तिचे बाबा मिठाईचा पुडा मांडीवर घेऊन बसले होते. निकालाआधीच मिठाई! घाई कुणाकडून आली, हे वेगळं सांगायला नको.

टेबलावर नडगीचं एकच हाड होतं. ते बाईचं की पुरुषाचं, हे मोजून सांगायचं. पलीकडे परीक्षक मॅडम बसल्या होत्या, दारातून येताना वाकावं लागेल इतक्या उंच.

हाड मोजायचा कॅलिपर उचलताना घाईताईचा कोपर लागला आणि मॅडमचा वाफाळता चहा थेट त्यांच्या पायावर सांडला.

“अगंबाई! सॉरी मॅडम! भाजलं का?”

“छे गं.” मॅडम हलल्यासुद्धा नाहीत. “तू मापं घे.”

किती मोठ्या मनाची बाई, असं वाटून घाईताईला रडू फुटायचंच बाकी होतं. तिने लांबी घेतली, वरच्या टोकाची रुंदी घेतली, मग सगळं पुन्हा घेतलं. आकडे पुरुषाकडे झुकत होते, पण जेमतेम.

“मापं पुरुषाची वाटतात,” ती सावकाश म्हणाली, “पण अगदी सीमेवर आहेत. एवढ्यावर मी शिक्का मारणार नाही. एखादी उंच बाईही असेल.”

“उंच म्हणजे किती?”

तिने हिशेब केला. “साधारण... तुमच्याएवढी.”

मॅडम खुदकन हसल्या. “शाब्बास! बाकी सगळ्यांनी बिनदिक्कत पुरुष ठरवून टाकलं. पास झालीस. बाबांना म्हणावं, सोडा तो पुडा.”

घाईताईचा आनंद गगनात मावेना. ती दाराकडे पळालीच.

“थांब गं. बाईच आहे ती. आता जाता जाता सांग, वारली कशाने?”

“ते हाडावरून नाही सांगता येणार, मॅडम. पण बिचारी गेली, एवढं नक्की.”

“झालीच ना परत घाई!” मॅडमनी पँट घोट्यावरून जरा वर ओढली आणि चहाने भिजलेल्या पायावर पेन वाजवलं. टक टक.