मिस्त्री आत आहेत

इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात. अकरा पन्नास.

बॉनेटमधून वाफेचा भपका आला तशी व्यंकटरावांनी जीप रस्त्यावरून खाली घेतली आणि पत्र्याच्या शेडसमोर उभी केली. पोखर्णी मागं पडली होती. परभणी अजून पंधरा किलोमीटर होती. शेजारी बसलेल्या लेकीच्या, प्रियांकाच्या, तलाठी परीक्षेच्या केंद्राचं गेट दोनला बंद होणार होतं. मागच्या खेपेला तिला तीन गुण कमी पडले होते. पुढच्या भरतीला वय बसणार नव्हतं.

शेडवर पाटी होती : सिद्धोधन रेडिएटर वर्क्स.

व्यंकटरावांनी बॉनेट उघडलं, फडकं गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

"हात काढा!"

चाळिशीची एक बाई शेडमधून पळत आली. पदर खोचलेला, हात मनगटापर्यंत काळे. "उकळतं पानी तोंडावर उडंल, काका. अर्धा तास तरी हात लावू नका."

"अर्धा तास? पोरीची परीक्षा हाय, माय. मिस्त्रीला बोलव. चहापान्याचं ऱ्हाऊ दे."

"चहा कोन द्यायलंय?" बाई म्हणाली. "मिस्त्री आत हायत. घसा बसलाय, बाहेर येत न्हाईत. ते सांगतेत, मी करते."

शेडच्या टोकाला निळा पडदा होता.

"म्हंजी पाना तू धरनार?"

"मंग तुमी धरता का?"

प्रियांका फसकन हसली. व्यंकटराव हसले नाहीत.

तिनं पुस्तक मिटून रस्त्यावर हात केला. एक कार गेली, एक दूधगाडी गेली. दोन्ही थांबल्या नाहीत. साडेबाराची एसटी येणार होती. ती आलीच नाही.

काटा मधोमध. साडेबारा.

बाईनं पाइप सोडवले. रेडिएटर काढला, तोंडं बुजवली, हवा भरली आणि तो हौदात बुडवला. पाण्यात दोन ठिकाणी बुडबुड्यांची माळ उठली. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. मग हात पुसले आणि पडद्यामागं गेली. व्यंकटरावांनी कान टवकारले.

— अहो, दोन नळ्या फुटल्यात.

— ...

— बाकीच्या चोक हायत. पांढरा थर बसलाय, नखानं निघंना.

— ...

— मला बी तेच वाटलं.

— ...

— बरं.

बाहेर येऊन ती म्हणाली, "मिस्त्री इचारायलेत, शेतातल्या बोअरचं पानी टाकता का गाडीत?"

व्यंकटराव चपापले. "दोन वर्सं झाली. त्यांना आत बसून कसं कळलं?"

"क्षार धरतंय ते. जाळीत चुन्यासारखं बसतंय." तिनं स्टोव्ह पेटवला. "फुटक्या नळ्या झाळून बंदच करायच्या म्हनलेत. बाकीच्या साफ करायच्या. लांबच्या गावाला नका नेऊ, पर परभनीला आरामात जाती."

"आरामात?"

"तसं म्हनलेत."

व्यंकटराव लोखंडी स्टुलावर बसले. पत्रा तापून वरून आग ओतत होता आणि बाई स्टोव्हकडं तोंड करून बसली होती. झाळायचा तापलेला कय्या कथलाला भिडला, कथील पाऱ्यासारखं पळालं आणि नळीच्या तोंडाशी नेमकं थांबलं. पुढे नाही, मागे नाही. व्यंकटरावांनी आयुष्यभर गडी राबवले होते. कोणाचा हात कामावर बसलाय हे त्यांना लांबून कळायचं. हा माणूस आत बसून, न बघता बाईच्या हातून एवढं काम करून घेतो, म्हणजे काय कसबाचा असेल, असं त्यांच्या मनात आलं. शिकवलं बरं का, ते मनाशी म्हणाले. बायकोला असं शिकवणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी स्वतः तर आपल्या बायकोला, सरजाबाईला, कधी जीपच्या स्टीअरिंगलाही हात लावू दिला नव्हता.

बाई अजून दोनदा पडद्यामागं जाऊन आली.

काटा खाली. एक वीस.

रेडिएटर बसला. पाणी भरलं. इंजिन सुरू झालं, पाच मिनिटं चाललं. खाली थेंब नाही.

"निघा आता," बाई म्हणाली. "वेळ हाय तुमच्यापाशी."

प्रियांका जाऊन बसलीही. व्यंकटराव मात्र उभेच राहिले.

"एकदा मिस्त्रीच्या तोंडून ऐकू दे. मधीच बंद पडली तर पोरीचं सगळंच बुडंल."

"मी सांगायलेय ना, काका."

"तुझं खरं हाय, माय. पर त्यांच्या तोंडून."

"झोपलेत ते."

"झोपले? आत्ता तर बोलत हुतीस."

"नाना, चला की!" जीपमधून प्रियांका ओरडली.

बाई पडद्यासमोर येऊन उभी राहिली. हातात पक्कड तशीच. "काका, नका जाऊ."

व्यंकटराव तिला वळसा घालून गेले आणि पडदा सारून आत शिरले.

एका श्वासात बाहेर आले.

बाई मान खाली घालून उभी होती. त्यांनी पडद्याकडं पाठ केली, तिच्यासमोर हात जोडले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

"काय म्हनले मिस्त्री?" प्रियांकानं विचारलं.

"जाती म्हनले. आरामात."

तेवढ्यात वाफा सोडत एक टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हरनं आधी बाईकडं पाहिलं, मग शेडभर नजर फिरवली, मग व्यंकटरावांना विचारलं, "मिस्त्री हायत का वो? का बाईच्याच भरवशावर दुकान?"

"हायत की," व्यंकटराव म्हणाले. "आत्ताच बोलून आलो. घसा बसलाय त्यांचा. ताईला सांग, ती इचारून येती."

त्यांनी गिअर टाकला. जीप परभणीच्या रस्त्याला लागली.

पडद्यामागं खोली नव्हतीच. हातभर अंतरावर नुसती विटांची भिंत होती आणि त्या भिंतीवर, बाईच्या कपाळाच्या उंचीला, टेकून टेकून एक काळपट डाग पडला होता.